चाबी कोनापाशी हाय?

राजुऱ्याच्या तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. शेजारी चाचा टाइपरायटर घेऊन बसायचे. मुसलमान घरांतले हिबानामे, म्हणजे बक्षीसपत्रं, तेच लिहायचे. शेवटची ओळ ठरलेली, ‘कब्जा दिला, घेतला.’ ती लिहिताना समोरच्याकडे बघतही नसत.

एका म्हाताऱ्या बाईनं चिमूरच्या भाचीला घर दिलं. कागद चाचांनीच लिहिला, पण बाई त्याच घरात राहिली, चाबीही तिच्याच कमरेला. ती वारल्यावर तिच्या भावांनी हिबा मोडीत काढला. कब्जा खरोखर दिलाच नव्हता ना, आणि त्याशिवाय हिबा टिकत नाही. भाची रडत आली, तर चाचा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘नसीब, बेटी.’’

पुढच्याच महिन्यात चाचांनी स्वतःचं घर मुलीला दिलं. मी साक्षीला होतो. चौघांसमोर ‘देलं’ म्हणाले, मुलगी ‘कबूल’ म्हणाली. मग चाचांनी स्वतःची पेटी, खाट, भांडी अंगणात काढली, चाबी तिच्या हातात ठेवली आणि भावाकडे राहायला गेले.

मी विचारलं, ‘‘चाचा, त्या भाचीले हे काऊन नाई सांगतलं?’’

‘‘तिनं विचारलं नाई.’’

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा हिबा लिहायला आला. चाचांनी कागद चढवला. मी दुकानातून उठलो आणि म्हाताऱ्याला विचारलं, ‘‘चाबी कोनापाशी हाय?’’