दारू न पिणाऱ्याचं यकृत

७ फेब्रुवारी १९९१. मी वॉर्डमधले केस पेपर पुरे करत होते. शफीकच्या पेपरवर डॉक्टरांनी आजाराचं कारण लिहिलं होतं: दारू. शफीक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामगार, वय पस्तीस, यकृताचा कॅन्सर. फार दिवस उरले नव्हते.

"डॉक्टर, हा पीत नाही."

"सिस्टर, लूमवाले सगळे पितात आणि सगळे नाही म्हणतात."

रक्ताचा रिपोर्ट त्याच पेपरला टाचलेला. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. ही कावीळ रक्तातून पसरते, वर्षानुवर्षं यकृतात मुरते, काहींना पुढे कॅन्सर होतो. रिपोर्ट उघडून बघायला कुणाला वेळ नव्हता. शफीकचा धाकटा भाऊ नईम त्याच्याच खोलीत राहायचा. त्याला लागण झाली असेल तर आत्ताच कळायला हवं होतं.

ड्युटी संपल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेले. चौदा माणसं. दिवसपाळीवाले उठले की त्याच चटयांवर रातपाळीवाले आडवे व्हायचे. कोनाड्यात एकच रेझर.

"कुणाचा?"

"सबका," नईम म्हणाला. "जुम्मे को लाइन लगती है. एक ब्लेड में छे-सात निपट जाते हैं. मैं भाई के बाद बैठता हूँ."

"अरे, रक्त लागतं त्याला. भावाचा आजार त्यातूनच फिरतो."

"सुई से भी फिरता होगा?"

"फिरतो."

"फिर हमको क्यों डाँटती हो, सिस्टर? तुम्हारी ओपीडी में कंपाउंडर सुई बदलता है, काँच की नली वही रहती है."

"मग गोळ्या घ्या ना. सुई कशाला मागता?"

"गोली में दो दिन का खाडा. सुई लेके शाम को लूम पर."

कंपाउंडर काय करतो ते मला माहीत होतं. गर्दी उरकते म्हणून मी तिकडे बघत नव्हते, इतकंच.

नईमला तसाच सोबत आणून रक्त घेतलं. आठवड्याने रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. यकृत अजून धड होतं. दर सहा महिन्यांनी तपासणीला ये, असं त्याला बजावलं. अधूनमधून येतो.

रक्त घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओपीडी उघडण्याआधी, कंपाउंडरचा ट्रे मी ताब्यात घेतला. सगळ्या सिरिंज वीस मिनिटं उकळल्या. एका माणसाला एक, संपल्या की पुन्हा उकळायच्या. दहा वाजता रांग गेटबाहेर गेली. डॉक्टर बाहेर आले.

"सिस्टर, अशाने संध्याकाळ होईल."

"होईल. गोळीने भागेल त्याला सुई लिहू नका, लवकर आटपेल."

डॉक्टर गोळ्या लिहू लागले आणि तासाभरात रांग निम्मी झाली. निम्म्यांना सुई लागतच नव्हती.