औषधातली साखर

अगं, अशी दाराशीच काय टेकलीस? इकडे ये, माझ्या शेजारी बैस. आणि तोंडातली ती खोकल्याची गोड गोळी आधी टाकून ये बघू. चहात साखर घालू देत नाहीस, मधुमेह आहे म्हणतेस, आणि या गोळ्या दिवसभर चघळतेस? वर म्हणे, साधाच तर खोकला आहे. साध्या खोकल्याने आमच्या घराची काय तारांबळ उडवली होती ते ऐक जरा.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले, तेव्हा स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. स्टेशन मागे पडलं की भाताची खाचरं, आणि पाणी विहिरीचं. घरात चौघं: सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, हे आणि मी. मामंजींना मधुमेह, आणि सासूबाईंची नजर अशी की दिवाळीच्या फराळाचं ताट त्यांच्या पुढून नुसतं फिरून परत जायचं.

एका थंडीत मामंजींना खोकला लागला. सासूबाईंनी लगेच आलेपाक केला. आलेपाक म्हणजे काय गं, आलं वासापुरतं आणि बाकी सगळी साखर. शिवाय काढ्यात गूळ, झोपताना खडीसाखर. मी हळूच विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. औषध घेतल्याने उपास मोडतो का? नाही ना? मग पथ्य तरी कसं मोडेल? मामंजींची मात्र चैन होती. सासूबाई दिसल्या की खोकला जरा जोरात यायचा.

तेव्हा साखर घरीच तपासायची. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवट झालं तर थोडी साखर, विटेच्या रंगावर गेलं तर फार. त्या आठवड्यात ते विटेसारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, बाटलीच जुनी झाली असेल. अंग तर जेमतेम कोमट, त्यामुळे आम्ही सगळेच निर्धास्त.

मग एका दुपारी मी वडी पुढे केली आणि मामंजींनी मान फिरवली. आलेपाकाला नाही म्हणाले! मी वडी खाली ठेवली. नीट पाहिलं तर बसल्या जागी धाप लागलेली, डोळे मिटत चाललेले. हे ऑफिसात होते. मी शेजारच्या भाऊजींना कल्याणला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर मोटार घेऊनच आले. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, न्यूमोनिया आहे. साखर वाढली की अंगाची रोगाशी झुंजायची ताकद कमी होते, साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते. आणि छातीत दुखणं शिरलं की साखर आणखी चढते. अशा माणसाला ताप चढेलच असं नाही, म्हणून वाट बघत बसायचं नसतं. मग खोकल्यावर काय दिलंत, असं त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी डबा पुढे केला. आवाज अगदी बारीक झाला होता. "औषध होतं हो ते. चतुर्थीलासुद्धा चालतं."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, चतुर्थीला चालेल. रक्ताला मात्र उपास कळत नाही."

कल्याणला त्यांच्या दवाखान्यात मागे चार खाटा होत्या, तिथे मामंजींना ठेवलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं, साखरेची वेगळी. सासूबाई खाटेजवळून हलेनात. डबा मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या पोरांत वाटून टाकायला लावला. डॉक्टर रोज म्हणायचे, वेळेवर आणलंत, आशा आहे. आणि खरंच, श्वास हळूहळू शांत झाला, नळीतला रंग विटेवरून हिरव्यावर आला.

मामंजी उठून बसले, तेव्हा सासूबाईंनी अडुळसा, आलं आणि मिऱ्यांचा काढा दिला, गुळाचा खडाही न घालता. एक घोट घेऊन तोंड वाकडं करत ते म्हणाले, "म्हणजे आता खोकण्यात काही राम उरला नाही."

सासूबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसत बसल्या.

पुढे पुष्कळ वर्षं जगले ते. माझ्या मुलांना खेळवलं त्यांनी. नुसतं खाकरले तरी सासूबाई आधी डॉक्टरांना निरोप धाडायच्या, मग चूल पेटवायच्या.

तेव्हा उद्याच जा, छाती तपासून घे, आणि साखर आहे हे डॉक्टरांना आपणहून सांग. आणि बाई, अशी सणावारीच नको उगवूस. या रविवारीच ये, जेवायलाच ये. मी वाट बघते.