बर्फाचा तक्ता आणि माझी रजा

नागपूरच्या विमानतळावर आई सोडून सगळे रडत होते. ती माझ्या पर्सकडे बघत होती. त्यात पासपोर्टच्या जोडीला कॉलेजचं पत्र होतं: भूगोलाच्या अधिव्याख्यात्या म्हणून दीड वर्षाची बिनपगारी रजा मंजूर. "रजा संपली का वापस येजो. नोकरी सोडू नोको," एवढंच ती म्हणाली. आमच्या वस्तीतली कॉलेजात शिकवणारी पहिली मुलगी मी. आईला जावई आवडत होता, पण माझी नोकरी जरा जास्तच आवडत होती.

रेडमंडला पोचले नोव्हेंबरात. मिलिंद, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये; सकाळी बस पकडून जायचा. त्याच्या व्हिसावर आलेल्या मला काम करायची परवानगी नव्हती. खिडकीतून पाऊस बघायचा, आमटी करायची, परत पाऊस बघायचा. आमच्या नागपूरचा पाऊस येतो, धिंगाणा घालतो आणि जातो. हा आपला महिनोन्‌महिने ठिबकत राहायचा. मी भयंकर चिडचिडी झाले होते.

मिलिंदच्या ऑफिसातली मराठी मंडळी दर शुक्रवारी एकच वाद घालायची: उद्या स्कीइंगला कुठे जायचं? ऐकून ऐकून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लायब्ररीतून नकाशे आणि माहितीपत्रकं आणली आणि चक्क तक्ता केला. स्नोक्वालमी पास, म्हणजे घाट: तासाभराचा रस्ता, सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी; पण उंची कमी, त्यामुळे बर्फावर पाऊस पडायची भीती. स्टीव्हन्स पास: दोन तास लागतात, बर्फ जास्त भरवशाचा, मात्र परतताना ट्रॅफिक. एक मुक्काम करायचा असेल तर घाट ओलांडून वेनाचीकडे जा, तिथला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत. तीन दिवस असतील तर व्हिसलर, पण आधी कॅनडाचा व्हिसा काढा. पलीकडचा बर्फ कोरडा का? महाबळेश्वर भिजतं आणि वाई कोरडी राहते, त्याच कारणाने.

मिलिंदचा मित्र अनिकेत, पुण्याचा, त्या तक्त्याच्या झेरॉक्स ऑफिसात वाटायचा. शुक्रवारी संध्याकाळी आमचा फोन वाजायला लागायचा. "वहिनी, उद्या पाऊस की स्नो?" मी तोऱ्यात सांगायचे. खरं सांगते, आठवड्यातले तेवढे दोन तासच मला मी असल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत कॉलेजचं पत्र आलं. जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. मी ते तक्त्याच्या फाइलीत सारलं आणि मिलिंदला तीन आठवडे कळू दिलं नाही. अख्ख्या ऑफिसला कुठे जावं ते सांगणाऱ्या बाईला स्वतःचं ठरवता येईना. जावं तर मिलिंद एकटा. राहावं तर आईला काय तोंड दाखवू?

एका शुक्रवारी अनिकेत जेवायला आला होता. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "वहिनी, तुमचं स्वतःचं फेव्हरिट कुठलं?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. मिलिंदला हसू आवरेना. "अरे, ती एकदाही गेलेली नाहीये!"

"काय यार! आणि आम्ही दोन सीझन वहिनींच्या भरवशावर ड्राइव्ह करतोय?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मला उचलून स्नोक्वालमीला नेलं.

भाड्याने स्की घेताना फॉर्मवर वजन लिहायचं होतं. मागे अनिकेत उभा, म्हणून मी वीस पौंड कमी लिहिले. स्कीने बूट किती घट्ट धरायचा हे वजनावरून ठरवतात, वजन कमी तर पकड सैल, ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. मग काय, जरा वळायला गेले की पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे. बालवाडीतली पोरं बाजूने सुसाट जात होती. दोन तासांनी ते जड बूट ठकठक वाजवत काउंटरवर गेले आणि तिथल्या बाईला खरं वजन सांगितलं, चांगलं मोठ्याने. तिने स्क्रू फिरवून दिला. त्यानंतर पडले ती माझ्या स्वतःच्या कर्तृत्वाने, आणि शेवटी एकदा न पडता खालपर्यंत आले.

परतताना अनिकेत मागे घोरत होता. एक खोटं दिवसभर इतकं नडलं होतं की दुसरं सांभाळायची ताकद उरली नव्हती. मी मिलिंदला पत्राचं सांगितलं.  तो म्हणाला, "तू जा. तुझी नोकरी आहे ती. मी येतो ना मागून, दोन-तीन वर्षांत."

मला त्याचा अभिमान वाटला आणि संतापही आला. 'जाऊ नकोस' म्हणायला काय झालं होतं? मी भांडले असते, आणि भांडून जाणं सोपं गेलं असतं. आता ठरवणं माझ्याच गळ्यात पडलं.

एप्रिलमध्ये राजीनामा पाठवला. मला मिलिंदशिवाय राहायचं नव्हतं, एवढंच खरं कारण. आईला पत्रात लिहिली ती बाकीची सगळी कारणं शोभेची.

तिचं उत्तर भावाच्या अक्षरात आलं. ती सांगते आणि तो तिच्याच बोलीत लिहितो. "नोकरी सोडली, ठीक हाये. शिकवनंही सोडलं का? कळवजो."

ते वाचून मी खूप रडले, निघतानाही रडले नव्हते एवढी. पुढच्या शनिवारी बिल्डिंगमधल्या आपल्या लोकांची सहा मुलं घरी गोळा केली, कणकेचा कॅस्केड पर्वत, म्हणजे माझ्या तक्त्यातल्या घाटांची रांग, केला आणि त्यावर पाणी शिंपडलं. "बट व्हाय इज इट ड्राय ऑन द अदर साइड, आंटी?" एकीने विचारलं. "काकू म्हण," म्हटलं, आणि समजावायला बसले. तेव्हापासून दर शनिवारी मुलं येतात.

तिकडे राहिलेले तुम्ही विचारता, परत कधी? इकडे आलेले आपण ते एकमेकांना विचारायचं टाळतो. मला उत्तर माहीत नाही. कामाचा परवाना कधी येईल, तेही नाही. पण आई प्रत्येक पत्रात विचारते, या महिन्यात काय शिकवलं? आणि मला लिहायला काहीतरी असतं. जिथे तिला कळवण्यासारखं काही घडतं, त्याला मी आता घर म्हणते. गेल्या शनिवारी सहाची नऊ मुलं झाली. कळवलंय तिला.