गंगारामला मिळालेला पहिला हुकूम

आमची भरती-पार्टी पालीच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत तंबू ठोकून होती. वैशाख चालू होता. पार्टीचे मुख्य जमादारसाहेब साताऱ्याकडचे. मी नाईक, याच मुलखातला. माझ्याकडे दौड होती. सड्यावरून तीन मैल. जो पुरी करील त्याच्या छातीवर जमादारसाहेब शाईच्या पेन्सिलीनं खूण करत. खूण झाली की माणूस भरती.

सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं माळरान. सकाळी सातपर्यंत तो बरा असतो. दहानंतर त्यावर भाकरी भाजावी. म्हणून मी भरतीला आलेल्या पोरांना साडेपाचलाच पळवत असे. त्या दिवशी डॉक्टरांची मोटार घाटात बंद पडली आणि तपासणी संपायला साडेदहा वाजले.

"साहेब, आता सडा नको. उद्या सकाळी घेऊ."

"लढाई काय ऊन उतरायची वाट बघते, नाईक?"

साहेब भला माणूस, पण त्यांना कोकणचं ऊन ठाऊक नव्हतं. हुकूम झाला होता. मग मला जे येत होतं ते केलं. त्या दिवशीच्या अठराही जणांना मीठ घातलेली पेज दिली. पंचे भिजवून डोक्याला बांधायला लावले. म्हटलं, "शर्यत नाय ही. पहिला मैल बैलाच्या चालीनं. तोंड मिटून श्वास घ्या. दगडी गडग्याच्या कडेनं सावली मिळेल तिथनं जा."

अकरा वाजता निघालो. मीही त्यांच्याबरोबर पळत होतो. अडीच मैलांपर्यंत सगळे पायावर होते. मग गंगाराम नावाचा उंच पोरगा वाकडातिकडा धावू लागला आणि कोसळला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. घामाचा थेंब नाही.

दोघांनी उचलून त्याला काजूच्या झाडाखाली आणलं. खाली ओढ्याच्या कोंडीत साचलेलं पाणी होतं. ते अंगावर ओतलं, पंच्यानं वारा घातला. डोळे उघडले. पण पाण्याचं भांडं तोंडाला लावलं तर त्यानं दात घट्ट मिटले.

त्याचा गाववाला धोंडू रडकुंडीला आला होता. "नाईकानू, तो पिनार नाय. त्याच्या आयशीन देवीला नवस केलाय. भरती व्हयेपर्यंत पोरगा पानी घेनार नाय म्हनून. काल दुपारपासना कोरडा हाय. पेज पन त्यान गडग्यामागं ओतलान."

मी त्याला शिव्या घातल्या, विनवलं, नाक दाबलं. तो नुसती मान हलवत होता.

एवढ्यात दौडीच्या शेवटाला उभे असलेले जमादारसाहेब धावत आले. मी नवसाचं सांगितलं आणि म्हटलं, "साहेब, याला भरती करा."

"दौड पुरी झाली नाही."

"पुरी झाली नाही तरी करा. नाहीतर हा दुपार बघत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गंगारामकडे. खिशातून पेन्सिल काढली, जिभेवर ओली केली आणि त्याच्या छातीवर खूण ओढली.

"गंगाराम, तू भरती झालास. आता पहिला हुकूम ऐक. पाणी पी."

त्यानं छातीवरची खूण बोटानं चाचपली. मग मिटलेले दात सुटले. घोटघोट पाणी पोटात गेलं. साडेतीनला त्यानं स्वतःहून पेज मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, "नाईक, उद्यापासून दौड तू म्हणशील त्या वेळेला." मला इतकं हायसं वाटलं की सॅल्यूट करायचाच राहिला.

गंगाराम चांगला शिपाई निघाला. सात वर्षांनी लान्स नाईक होता. सरहद्दीवर एका पिकेटवर, पुढच्या चौकीवर, सकाळी गोळी लागून तो पडला. मी तेव्हा पेन्शनीत होतो. बातमी आल्यापासून एकच गोष्ट डोकं खात होती. दौड पुरी झालेली नसताना त्याला भरती करायला लावणारा मीच.

त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला ते सांगून टाकलं. "काकी, माझ्यामुळं तो पलटणीत गेला."

तिनं मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिशी तो सड्यावर मेला असता तर माज्या नवसान मेला असता. मी कशी जगले असते? त्याचा लगीन बघितलाय मी, दोन नातवंडां मांडीवर घेतलीत. तू मला वाचवलास, नाईका."

मी तिथंच मोठ्यानं रडलो. त्यानंतर छातीवरचं ओझं उतरलं.

सरहद्दीवर पडलेला गंगाराम मी पाहिला नाही. मला आठवतो तो काजूच्या झाडाखाली भांडं दोन्ही हातांनी धरून पिणारा, आणखी मागणारा.