भंडाऱ्याचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही — देवाला तोंड दाखवायची सोयच मी ठेवली नव्हती. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते विचारू नका.

आमचं गाव नेसरीच्या अलीकडचं. गादीवर महाराज होते, आणि दरबारातून हुकूम आला की गावानं आपला पंच मतं घेऊन निवडावा. गाव हसलं. मतं कशाला? घरं मोजली की झालं! वरची आळी पाटलांची, खालची चौगुल्यांची. पोर पाळण्यात पडायच्या आधी त्याचं मत ठरलेलं असायचं. दोन्ही आळ्या तोलास तोल, आणि मध्ये हुसेन पिंजाऱ्याचं एकटं घर. हुसेन ज्याच्याकडं, त्याचा पंच.

पाटील म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. सगळे त्यांना दादाच म्हणायचे. वाईट माणूस? नाही हो, तेच तर! दर दिवाळीला त्यांचा जुना फेटा माझ्याकडं यायचा, चार लोकांदेखत, ‘आमच्या धाकट्याला द्या’ म्हणून. माझ्या जिव्हारी लागायचं. आणि तो फेटा मी बांधायचोही.

निवडीच्या दिवशी सकाळी दादांनी वरच्या आळीला देवळात बोलावलं आणि एकेकाला बेलभंडारा उचलायला लावला. आमच्यात बेलभंडारा उचलला की विषय संपला. उचलल्यावर शब्द फिरवणारा माणूस असू शकतो, हेच कुणाच्या डोक्यात येत नसे. मीही उचलला. हुसेन पायरीखाली उभा होता. म्हणाला, “पाटील, भंडाऱ्याला हात न्हाई लावत. पर जबान देतो की.”

“तुजी जबान बास हाय, हुसेन,” दादा म्हणाले.

चावडीत घोंगडीच्या आडोशाला दोन घागरी मांडलेल्या. उजवी दादांची, डावी चौगुल्याची. प्रत्येकाला एक सुपारी. ती कुठं पडली ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून घागरींच्या तळाला कापूस — हुसेननंच पिंजून दिलेला. मी आत गेलो. बोटांना भंडारा अजून पिवळाधमक लागलेला होता. आणि मी सुपारी — डावीकडं टाकली.

का? मला कुणी लालूच दाखवली नव्हती, कुणी दमही दिला नव्हता. एकदा, फक्त एकदा, दादांचं तोंड उतरलेलं बघायचं होतं.

एका सुपारीनं दादा पडले. तोंड बघितलं. बरं वाटलं — आता खोटं कशाला बोलू?

तिथंच गप्प बसलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण वरची आळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कुणी विचारलं नव्हतं. मीच ओरडलो, “भंडारा कुणी उचलला न्हवता, ते बघा की!”

सगळ्या माना हुसेनकडं वळल्या. तो दादांच्या पुढ्यात आला. “पाटील, मी उजवीकडंच टाकली. माज्या पिंजणाची आण.” ज्यावर पोट चालतं त्या हत्याराची शपथ घेत होता तो. मी हसलो. पहिला मी हसलो, मग सगळे.

त्याच्या दारात आम्ही गेलो तेव्हा पुढं कोण होतं, सांगायला हवं का? पिंजणाची ताणलेली तात मी विळ्यानं तोडली. तुटताना ती एकदाच झणझणली. हुसेनची बायको आडवी आली नाही, ओरडली नाही. खाली बसून तुटलेली टोकं गोळा करायला लागली. गावानं त्यांचं पाणी बंद केलं, विस्तव बंद केला. हुसेन चौगुल्याकडं गेला, तर तो म्हणाला, “जबान फिरवणारा गडी माज्या काय कामाचा?” आठवड्यात बिऱ्हाड उठलं.

त्या दिवाळीला दादांनी मला फेटा दिला — नवाकोरा. म्हणाले, “ह्यो माजा खरा माणूस.” मी तो बांधून गावभर मिरवलो.

पुढं आजऱ्याच्या बाजारात हुसेन दिसला. पाठीवर भाताचं पोतं होतं. पिंजण कुठं दिसलं नाही. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यानंच ओळखलं. “धाकलं पाटील, दादा बरं हाईत न्हवं? माजी सुपारी उजवीकडंच हुती, तेवडं सांगा त्यास्नी.”

“सांगतो,” म्हणालो. सांगितलं नाही.

दादा शेवटच्या अंथरुणावर होते. घरात आम्ही दोघंच. छताकडं बघत म्हणाले, “हुसेननं आसं कराय नगो हुतं रं.” त्यांना राग नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. आता तरी बोलायचं की नाही? मरणाऱ्या माणसाला एवढं तरी? माझं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं — “जातच तसली, दादा.” त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. तेच पटवून घेऊन ते गेले, आणि खांदा द्यायला मी पुढं होतो.

त्यानंतर आमच्या गावात पिंजारी फिरकला नाही. माझ्या लग्नातली गादी हुसेननं भरलेली. आता तिच्यात कापसाचे गोळे झालेत, पाठीला टोचतात. तीच अंथरून मी रोज निजतो.

झोप लागते.