परत दिलेली बाटली

विबके हार्म्स जर्मनीतल्या ब्रेमरहाफनच्या बंदरावर मासे विकायची, तेव्हा सीगलसुद्धा तिचं ओरडून झाल्यावरच ओरडायचे. "हात लावू नकोस, तो कॉड तुझ्यापेक्षा ताजा आहे!" असं ती गिऱ्हाइकाला सुनवायची आणि गिऱ्हाईक हसत जास्तच मासे न्यायचं. तिच्याकडे हेरिंग मासा भरलेला पाव खायला येणारी पोरं संगणकावरचा एक विनोदी खेळ बनवत होती. त्यांनी तिला थेट माइकसमोर उभं केलं. खेळातल्या बंदरावरची भांडखोर मासेवाली म्हणजे विबकेच!

पुढे म्हातारपणी घशात गाठ आली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. आता ती चमच्याने टेबल वाजवते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, सलग म्हणजे शिवी. तिचा आवाज कुणी टेपवर घेतलाच नव्हता. रोजच्या भोंग्याची टेप कोण करतं? उरला होता तो त्या खेळात. तो खेळही आता कुठे मिळत नव्हता.

धाकट्या भावाने, एनोने, माळ्यावरून जुना संगणक आणि त्या खेळाची सीडी उतरवली. सीडीवर ओरखडे, यंत्राला धाप.

"ताई, हे आज चाललं तर चाललं. तुला एकदा ऐकवतोच."

एकदा टक.

या खेळाची रीत अशी, की दिसेल ते खिशात कोंबायचं आणि अडलं की जे ते ज्याला त्याला लावून बघायचं. पडद्यावर एनो चालवत असलेल्या खलाशाने फाटका बूट उचलला, रिकामी बाटली उचलली. वाटेत दुकान लागलं. दुकानात रिकामी बाटली परत दिली की अनामत पैसे मिळतात, म्हणून एनोने आयुष्यात एकही बाटली कचऱ्यात टाकली नव्हती. त्याने ती सरळ गल्ल्यावर परत केली, नाणं घेतलं आणि खेळ सेव्हही केला.

"बघ, इथंही बाटलीचे पैसे मिळतात!"

बंदराच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "मला बाटलीत जहाज बसवायचंय. रिकामी बाटली आण, मग आत सोडतो."

एनोचा चेहरा पडला. खलाशी दुकानात धावला. दुकानदार म्हणाला, "परत घेतलेली बाटली परत देत नसतो, साहेब."

चमचा सलग वाजू लागला.

"अगं, मला काय माहीत! पहिल्यापासून सुरू करू?"

दोनदा टक. यंत्रातून जळका वास येत होता, पडदा थरथरत होता. मासेवाली भिंतीपलीकडे होती.

विबकेने माउस हिसकावला. रेकॉर्डिंगच्या वेळी पोरांनी तिच्याकडून काहीबाही ओरडून घेतलं होतं. खेळताना असलं वेडं कोण करणार, म्हणत ती हसली होती. तिने बूट उचलला आणि भिंतीवर टिचकी मारली. बूट पलीकडे गेला.

काहीच नाही. सीडी घासत राहिली. मग भिंतीपलीकडून मासेवाली ओरडली,

"अगं बाई, आभाळातून बूट! दुसरा टाक की मेल्या, एक घालून काय लंगडी खेळू?"

विबकेचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. पुढचं वाक्य यायच्या आत पडदा काळा झाला.

एनोने बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. "गेलं, ताई. बाटलीपायी घालवलं मी."

विबकेने पायातली चप्पल काढून त्याच्या छातीवर फेकली आणि चमचा त्याच्याकडे रोखला: बोल.

एनोने घसा खाकरला, कमरेवर हात ठेवले आणि चिरका आवाज काढला, "दुसरी टाक की मेले!"

विबके दुसरी चप्पल काढू लागली.