शंभरी भरली: वरळी ते शिवडी, गिरगावमार्गे

“जेवण देतायत ना, मग झालं,” असं आबा म्हणाले आणि मी तिथल्या तिथं ठरवलं, आता जायचंच.

आबा म्हणजे माझे वडील. शिवडीच्या खाडीलगत तेव्हा गोल्फचं एक जुनं, साहेबाच्या काळातलं मैदान होतं आणि आबा तिथं कॅडी होते. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे चालायचं, हे कॅडीचं काम. उभा जन्म त्यात गेला, पण चेंडूला काठी लावायची कॅडींना बंदी. मैदानाला शंभर वर्षं होणार म्हणून कमिटीनं सोहळा कसा करावा याच्या सूचना मागवल्या. मेजवानी, नाच, मेंबरांसाठी चांदीचा कप, फाटकाशी एक झाड, बँड. कॅडींच्या वतीनं आबांनी तोंडी एकच सूचना दिली: त्या दिवशी सकाळी एक अख्खा खेळ, चेंडू नऊच्या नऊ खड्ड्यांत घालेपर्यंतचा, आम्हाला खेळू द्या. सेक्रेटरी पारशी, तो “पाहू” म्हणाला. सोहळा परवावर आला तरी तो पाहतच होता. कॅडींना मागच्या दारी जेवण मिळेल, एवढं मात्र नक्की झालं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. भिंतींवर घोषणा, नाक्यानाक्यावर सभा. मैदानाच्या फाटकावर सगळं इंग्रजीत. कुणी दगड भिरकावायला नको म्हणून सेक्रेटरीला ऐन वेळी मराठी पाटीची आठवण झाली. ती करवून घ्यायचं काम आबांकडे आलं, कारण आपली मुलगी मॅट्रिक झाली हे त्यांनी मैदानातल्या गवतालासुद्धा सांगून ठेवलं होतं. मजकूर मात्र सेक्रेटरीनं बटलरला शब्द विचारून स्वतः जुळवला आणि बटलरकडून चिठ्ठीवर उतरवून घेतला: “आमच्या मैदानाची शंभरी भरली.”

मला हसू आवरेना. शंभरी भरते ती पापांची, हे मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. आबा हसले नाहीत. “सायबानं सांगितलंय तसं रंगवून द्यायचं. आपल्याला काय करायचंय?” मी म्हटलं, आपल्याला खेळायचंय. आणि ऐन वेळी परवानगी मिळाली नि हातात काठ्याच नाहीत, असं होऊन चालणार नाही. तेव्हा आधी काठ्या आणायला गिरगाव, मग पाटी रंगवायला लालबाग, आणि सोहळ्याच्या सकाळी शिवडी. आमच्या प्रवासाचा आराखडा हा असा ठरला.

पहिला दिवस. वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही सकाळी निघालो. आईनं भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. बसनं गिरगाव गाठलं आणि खोताच्या वाडीत शिरलो. तुम्हाला जायचं असेल तर आजही पायीच जा, गाडी आत वळत नाही. लाकडी जिने, रंगीत कठडे, एका घरासमोर क्रूस आणि शेजारच्या दारात तुळस. फोटो काढताना एवढं लक्षात ठेवा की तिथं माणसं राहतात आणि त्यांची दुपारची झोप फार जागसूद असते.

आमचे ऑगस्टिनकाका तिथले. मैदानावर मोडलेल्या काठ्या दुरुस्त करायचे, आता घरीच बसून होते. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या त्यांनी जोडजाड करून माळ्यावर ठेवल्या होत्या. आबांनी चाचरत मागणी केली.

“आणि सायबानं नाय सांगितलं तर?” काकांनी विचारलं.

“तर परत आणून देऊ,” आबा म्हणाले.

“परत नको आणू,” काका म्हणाले. “खेळून आण. न खेळता आणल्या तर मी दार उघडणार नाय.”

आईच्या जुन्या लुगड्यात काठ्या गुंडाळून निघालो, तर नाक्यावर हवालदारानं अडवलं. संध्याकाळी तिथं सभा होती आणि आमचं गाठोडं चांगलं माणसाएवढं लांब.

“काय हाय यात? लाठ्या?”

“नाही, गोल्फच्या काठ्या,” मी म्हटलं.

“गोफ?” त्यानं गाठोडं बोटानं चाचपलं. “गोफ विणायला एवढ्या मोठ्या टिपऱ्या?”

आबा समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, “हो, आमच्या गावाकडं मोठ्याच असतात.” हवालदारानं सोडलं, वर गोफ कुठं आहे तेही विचारलं. मी शिवडी सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

भायखळ्यापर्यंत चालत आणि तिथून ट्रामनं लालबाग. ट्राम आता शोधू नका, त्याच रस्त्यावर डोक्यावरून पूल गेलाय. बस घ्या आणि मसाल्याच्या गल्लीच्या वासावर उतरा. मिरच्या भाजण्याचा खकाणा नाकात गेला की लालबाग आलं म्हणून समजायचं. आम्ही एका ओट्यावर भाकरी खाल्ली आणि पेंटरकडे गेलो. तो मोर्च्यांचे फलक रंगवायचा. दुकानभर “झालाच पाहिजे” वाळत पडलेलं होतं.

चिठ्ठी वाचून त्यानं ब्रश खाली ठेवला. “हे कुणी लिहिलं? आपल्यातलाच हाय का कोण?” सेक्रेटरीनं, असं कळल्यावर तो खूश झाला. “मग लिवूया की. मोठ्या अक्षरात लिवतो. पैसे पण नको.”

खरं सांगते, मलाही मोह झाला. सगळ्या शिवडीनं वाचावं आणि हसावं. पण हसून लोक घरी गेले असते आणि आबा पिशवी उचलून पुन्हा मागे चालले असते. मला तेवढ्यावर यायचं नव्हतं. मी पेंटरला विचारलं, “पाटीला दोन्ही बाजूंनी लिहिता येतं ना?”

एका बाजूला सेक्रेटरीचं वाक्य, जसंच्या तसं. दुसऱ्या बाजूला माझं: “मैदानाला शंभर वर्षे पूर्ण. आज पहिला खेळ कॅडींचा.” आबांनी दुसरी ओळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. “माझी नोकरी घालवतेस, बाय.” घरी जाताना ते गाठोडं खांद्यावर टाकून माझ्या चार पावलं पुढं चालले. मला भीती वाटत होती, ती लपवण्यासाठी मी उगाच ताठ मानेनं चालत होते.

दुसरा दिवस. रंग वाळला होता. लालबागहून शिवडी तशी लांब नाही, पण डोक्यावर पाटी असली की लांब होते. आज जाणार असाल तर हिवाळ्यात जा, भरती-ओहोटीची वेळ पाहून. चिखलात रोहित पक्षी उतरलेले दिसतात. मैदान मात्र दिसणार नाही. तिथं आता गोदामं आहेत.

फाटकाशी सेक्रेटरी कोट घालून उभा होता. चार-सहा कॅडी कुंपणाशी, आणि पाटी बघून रस्त्यावरचे दोन-चार गोदी कामगारही थबकले. मी म्हटलं, “साहेब, एका बाजूला तुमचं वाक्य, एका बाजूला माझं. सांगाल ती बाजू बाहेर लावते. पण आधी तुमच्या वाक्याचा अर्थ ऐका.” आणि सांगितला.

त्याचा विश्वास बसेना. बटलरला बोलावलं. बटलरनं पाटी वाचली, खोकला आल्यासारखं केलं आणि खाडीकडे बघत म्हणाला, “मी शब्द सांगितले, साहेब. वाक्य तुमचं.”

रस्त्यावर एकानं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि दोघं हसले. सेक्रेटरीनं स्वतःच्या हातानं पाटी फिरवली. मग माझ्या बाजूच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “अने ए काय हाय?” मी सांगितलं. तो लाल झाला. ओळ पुसा म्हणाला. मी म्हटलं, ओला रंग फासून फाटकावर पाटी लावायची असेल तर लावा, पाहुणे येतच आहेत. त्यानं घड्याळ पाहिलं, मेंबरांच्या व्हरांड्याकडे पाहिलं.

“ठीक. तीन खड्डे. पछी बस.”

मी हो म्हणणार होते. तीन तर तीन. पण माझ्या मागून आबा बोलले, खालच्या आवाजात, एक हात गाठोड्यावर ठेवून. “नऊ, साहेब. पाटीवर खेळ लिवलाय. तिनावर थांबलेल्याला खेळ म्हणत नाहीत.”

इतक्या वर्षांत आबांनी त्याला “जी” याखेरीज काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानंही ऐकलं नसावं. तो बाजूला झाला.

आबा कसे खेळले विचाराल तर, वाईट. पहिल्या फटक्याला गवत उडालं आणि चेंडू जागचा हलला नाही. व्हरांड्यात हशा पिकला, त्यात आबाही हसले. दुसरा फटका बाभळीत गेला. पण ते नऊच्या नऊ खड्डे खेळले, आपलं गाठोडं आपणच वाहत, शेवटी गुडघा धरून, आणि कुणी पुढे जा म्हटलं तरी घाई न करता. मी कुंपणाशी उभी होते. मला रडू आलं, आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

मैदान पुढं बंद पडलं. सेक्रेटरीनं शब्द दिला नव्हता आणि पाळलाही नाही. त्यानंतर कॅडींना पुन्हा कधी खेळू दिलं नाही. मिळवलं ते एवढंच, एका सकाळचं, आणि पुष्कळ वर्षं मला ते फार थोडं वाटत राहिलं.

पण घरी परतल्यावरचं सांगायचं राहिलं. काठ्या काकांकडे पोचवून आम्ही चाळीत आलो. आबांनी आईसमोर हात धरले. तळव्यांना फोड आले होते. खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा घट्टा आमच्या जन्माच्या आधीपासून होता. तळव्यांना हे पहिल्यांदाच. आई हळद-तेल घेऊन आली, तर त्यांनी मुठी मिटून घेतल्या.

“नको लावू,” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे दोन दिस.”